हातात द्यायची भाकरी

"प्रभावतीबाई, आजचा दिवस नाही म्हणू नका. साखरपुड्याची ऑर्डर आहे."

"सुमनताई, आठ दिस झालं सांगतीय, आज बुद्धपौर्णिमा हाय. लेक येणार हाय चाकणवरनं. घरात पीठ उडाय नको म्हणून काल दिवसभर भिंती पुसल्यात मी."

"अहो, कळतंय मला. पण आमचे हे तर पोळ्यांचं मशीनच आणू म्हणतात. मीच त्यांना थोपवून धरलंय."

मशीनचं हे वाक्य सुमनताई अडीनडीला बरोबर काढायच्या आणि ते दर वेळी लागू पडायचं. प्रभावतीने फोन ठेवला. चादरीत गुंडाळून कॉटखाली सारलेली परात ओढून बाहेर काढली आणि पिठाच्या डब्याचं झाकण उघडलं. मुकाट्याने नाही, चांगल्या दोन शिव्या देऊन उघडलं, पण उघडलं.

सांगवीत सुमनताईंचं पोळी-भाजी केंद्र होतं आणि त्यांच्या पोळ्या, म्हणजे प्रभावतीच्या भाषेत चपात्या, कासारवाडीतल्या या दीड खोलीतून जायच्या. नवरा धोंडीबा साध्या तापाचं निमित्त होऊन गेला, तेव्हा लेक मैत्री दुसरीत होती. तिची शाळा, तिचा डिप्लोमा, चाकणच्या कंपनीतली तिची नोकरी, सगळं या परातीतून निघालं. वाकडच्या उंच इमारतींतली कितीतरी माणसं प्रभावतीच्या हातचं खाऊन कामाला जात होती.

एक पोटची पोर तेवढी खाऊन सुकत होती. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, हातापायांच्या काड्या झालेल्या. जंत झाले, अ‍ॅसिडिटी झाली, दृष्टसुद्धा काढून झाली. शेवटी एका डॉक्टरने तपासण्या करून सांगितलं, "हिला गहू चालत नाही. आतड्याला इजा होते. चपाती, रवा, मैदा आयुष्यभर बंद. चिमूटभरही नको. भात द्या, ज्वारीची भाकरी द्या."

ज्या गव्हाने पोर वाढवली, तोच गहू तिचं आतडं कुरतडत होता. प्रभावतीला वाटलं, आपली कुणीतरी थट्टा करतंय. पण तिने पदर खोचला. मैत्रीचा तवा वेगळा केला, काटवट वेगळी केली. गिरणीत गहूही दळतात म्हणून ज्वारी घरी मिक्सरमध्ये दळली. हिंगातही गव्हाचं पीठ घालतात असं कळल्यावर फोडणीतला हिंग गेला. तरी रिपोर्ट हलेना.

"घरात पिठाचं काही काम चालतं का?" डॉक्टरने विचारलं. "पीठ उडतं, भांड्यांवर बसतं. तेवढंही पुरतं."

"न्हाई," प्रभावती म्हणाली. "घरापुरतंच मळते."

मैत्रीने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली. पुढे कित्येक दिवस प्रभावती पंखा बंद करून घामाघूम होत चपात्या लाटायची आणि पोर पोट दाबत ड्युटीला जायची.

मग एक दिवस मैत्री म्हणाली, "आई, शिफ्टला लांब पडतं गं. चाकणला मैत्रिणीबरोबर खोली घेते."

कंपनीची बस कोपऱ्यावरून सुटत होती. ते दोघींनाही माहीत होतं. प्रभावती एवढंच म्हणाली, "बरं."

आणि तिकडे जाऊन पोर भरली. गाल आले, केस दाट झाले. शेजारची इंद्रायणी एकदा हसत म्हणाली, "मेसचं जेवण मानवलं बाई पोरीला! तुझ्याच हाताला गुण नव्हता म्हणायचा." प्रभावतीही हसली. घरात येऊन मात्र तिने ताटं अशी आपटली की एकाचा काठ चेपला.

बुद्धपौर्णिमेला मैत्री आली ती विहारातूनच, पांढऱ्या साडीत. तोवर चपात्या रवाना झाल्या होत्या, फरशी दोनदा पुसून झाली होती आणि नव्या पातेल्यात तांदळाची खीर तयार होती. पातेलं खास तिच्यासाठी आणलेलं होतं.

"आई, घर काय चकाचक केलंयस! म्हणजे खरंच बंद ठेवलंस काम?"

प्रभावतीने वाटी भरली.

"मग आज माझा डबा राहू दे," मैत्री म्हणाली. "आज तुझ्या हातचं खाते."

हे ऐकायला प्रभावती किती दिवस आसुसली होती! मैत्रीने चमचा उचलला. गप्प राहिलं तर ती खाणार होती, आणि गप्प कसं राहायचं ते प्रभावतीला चांगलं येत होतं.

"थांब," ती म्हणाली. "नको खाऊ. सकाळी चपात्या केल्यात मी. त्याच हातानं खीर ढवळली."

मैत्रीने चमचा वाटीत ठेवला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. पण ती म्हणाली, "असू दे गं. माझा डबा आहे ना," आणि पिशवीतून डबा काढला. जणू तिने हे धरूनच ठेवलं होतं.

डब्यातली भाकरी कडेने चिरलेली, मध्ये करपलेली होती.

"तू थापलीस?"

"हो. तुझ्यासारखी नाही जमत."

"मला दे की वाईच."

मैत्रीने चतकोर मोडून हात पुढे केला आणि तो मध्येच थांबला. आईच्या नखांच्या कडांना अजून पीठ होतं.

प्रभावतीची आई चिमाबाई. तिला गावात भाकरी उंबऱ्याच्या आतून, वरून टाकत. हाताला हात लागू नये म्हणून. म्हणून चिमाबाईने आपल्या घरात नेम घातला होता: भाकरी द्यायची ती हातात, हाताला हात लावून. प्रभावतीने तो पाळला. लहानपणी मैत्रीने एका मुलीकडे बिस्कीट भिरकावलं, तेव्हा आयुष्यात एकदाच तिने पोरीला मारलं होतं.

मैत्रीलाही ते आठवत असणार. तिचा हात तसाच अधांतरी राहिला, डोळे भरून आले.

प्रभावतीने दोन्ही हातांची ओंजळ केली आणि जरा खाली धरली.

"वरनं टाक," ती म्हणाली.

"आई, असं नको ना..."

"टाक. माझा हात लागाय नको तुझ्या जेवणाला."

भाकरी ओंजळीत पडली. प्रभावतीने भिंतीला टेकून ती खाल्ली. मीठ कमी होतं. ते तिने सांगितलं नाही.