तानुबाईचा डीप टिश्यू

सोनपेठच्या बाजाररोडला राजेश्रीनं मसाज सेंटर काढलं. पहिल्या आठ दिवसांत तिथं चौकशीला बरेच आले, अंग चोळून घ्यायला एकही नाही. आलेले सगळे बापे. दारात उभे राहून दात काढत विचारायचे, "इथं काय काय करता?" राजेश्री पुण्याहून रीतसर कोर्स करून आलेली. ती भिंतीवरच्या पाटीकडं बोट दाखवायची: स्वीडिश, डीप टिश्यू, थाई, गरम दगडांचा, तळपायांचा, आणि खाली ठळक अक्षरांत 'फक्त महिलांसाठी'. बापे पाटी सोडून तिच्याकडंच बघायचे.

शेवटी ती तानुबाईकडं गेली. तानुबाई अडुसष्ट वर्षांची. निम्मं गाव तिनं पायांवर घेऊन न्हाऊ घातलेलं. बाळंतिणी आणि लेकरं चोळण्यात तिची उभी हयात गेली होती. राजेश्रीची लेक सृष्टी झाली तेव्हाही सव्वा महिना तीच येत होती. पण आता बाळंतपणं परभणीला व्हायला लागली, डॉक्टर पोरींना सांगायला लागले की लेकराला जोरानं चोळू नका, आणि तानुबाईवर घरी बसून टीव्ही बघायची पाळी आली. टीव्हीतल्या सगळ्या सासवांना शिव्या घालून झाल्या होत्या.

"मावशी, तुमी नुसतं खुर्चीवर बसा," राजेश्री म्हणाली. "तुमाला बगून बाया येतील आन् बापे पळतील."

"म्या काय बुजगावनं हाय का गं?" तानुबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला हजर झाली.

बसल्याबसल्या तिनं एकेक प्रकार समजून घेतला. स्वीडिश म्हणजे तेल लावून लांब लांब हात फिरवायचा. अंग सैल पडतं, झोप लागते. "ही तर लेकराची मालिश." डीप टिश्यू म्हणजे आतल्या गाठीवर अंगठ्यानं, कोपरानं दाब द्यायचा, आखडलेलं मोकळं होतं. "हे बाळंतिनीचं." थाईत तेलाचं बोट लावत नाहीत, हातपाय ओढून ताणतात. "बिनातेलाचं? मग ती झोंबाझोंबीच की!" आणि पाठीवर गरम दगड ठेवतात हे ऐकल्यावर तर तिनं पदर तोंडाला लावला नि खुर्चीवरून पडेस्तोवर हसली. "अगं, माज्या सासूनं विटकर तापवून, फडक्यात गुंडाळून शेकलंय मला. म्हातारीला कुठं ठावं की ती थेरपी करायलीय!"

बाजारच्या दिवशी भगवानराव आले. पांढरे कपडे, काळा गॉगल, सोसायटीचे चेअरमन. त्यांना नाही म्हणायची सवय गावात कुणालाच नव्हती. गॉगल न काढता ते म्हणाले, "फुल बॉडी करता म्हनं. आतून कडी लावता का?"

राजेश्रीचा चेहरा उतरला. ती काही बोलायच्या आत पडद्यामागून आवाज आला.

"कोन, भगवान का? ये की लेकरा आत. म्या हाय ना."

भगवानरावांचा गॉगल खाली आला. "तुमी? इथं?"

"मग! काड सदरा, पालथा पड. लाजायलास काहून? दीड महिना नागडा पायावर घेतलाय तुला. तुजं काय लपलंय माज्यापसून?"

दाराबाहेर चहावाला बन्सीधर आणि त्याची गिऱ्हाइकं कान टवकारून होती. मागं फिरावं तर सगळ्या बाजारात बोभाटा. भगवानराव मुकाट्यानं पालथे पडले.

याला चांगली अद्दल घडवायची, एवढंच तानुबाईच्या मनात होतं. पण उजव्या खांद्याच्या फऱ्यावर अंगठा फिरवला आणि ती थबकली. आत बोराएवढी गाठ, दगडासारखी.

"हात वर जातो का रे?"

"न्हाई," भगवानराव उशीत तोंड खुपसून म्हणाले. "वरीस झालं. डोक्याला तेल लावता येईना. कुनाला सांगितलं न्हाई."

"सांगायचं की येड्या." तिनं कोमट तेल घेतलं, आधी आजूबाजूचं सैल केलं, आणि मग कोपर हळूहळू त्या गाठीवर टेकवलं.

"मेलो! आई गं, मेलो!"

"मेलेला वरडतो का? श्वास सोड."

आवाज थेट भाजीच्या ओळीपर्यंत गेला. निम्म्या लोकांना वाटलं धाड पडली, उरलेल्यांना वाटलं चेअरमनच्या घरून वहिनी आल्या. दहा मिनिटांनी ओरडणं थांबलं आणि घोरणं सुरू झालं.

तासाभरानं भगवानराव बाहेर आले. पायरीवर उभं राहून त्यांनी उजवा हात उचलून पाहिला. तो कानाच्या वर गेला. त्यांचा विश्वास बसेना, म्हणून पुन्हा उचलला. समोरून दहा-बारा जणांनी लगबगीनं रामराम घातला.

दुसऱ्या दिवशी त्यांची बायको सुकेशनी दोन जावांना घेऊन आली, आणि तिथून बायांची रीघ लागली. कापूस वेचून पाठ धरलेल्या, शिलाई मशीनवर मान आखडलेल्या, नुसतंच घटकाभर कुणी हाक मारू नये म्हणून आलेल्या. अधूनमधून एखादा बाप्या दारात दात काढायचा. तानुबाई त्याला पाळण्यातल्या नावानं हाक मारायची आणि तो पाण्याची बाटली घ्यायला आल्यासारखं करून निघून जायचा.

महिनाभरात तानुबाईचे अंगठे सुजले. राजेश्रीनं दुपारी दार लोटून घेतलं. "मावशी, आज तुमी पडा."

"मला काय धाड भरलीय?" म्हणत ती पडली. साऱ्या गावाला चोळलं, पण तिच्या पाठीला सासूच्या विटकरीनंतर कुणी हात लावला नव्हता. सुरुवातीला ती तोंडानं शिकवत राहिली. "दाब की. भाकरी थापायलीस का? त्याल वत अजून. खाली, खाली." मग शब्द कमी कमी होत गेले. खांद्यापासून कमरेपर्यंत लांब हात फिरत राहिला. तिनं तोंड उशीत घातलं.

तेवढ्यात दार वाजलं. "तानुबाई हायत का? लय कंबर धरलीय!"

राजेश्रीचा हात थांबला. तानुबाई उशीतूनच बोलली, "बस म्हनाव भाईर. म्या कामात हाय."