शिपाई चालला

कुसगावात भामाबाईंच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मधोमध पाट, पाटावर हळदकुंकू वाहिलेला व्हिडिओ गेमचा कंट्रोलर. समोर टीव्ही, पडद्यावर खेळातला एक शिपाई. कंट्रोलरला कुणाचाच हात लागलेला नव्हता.

"बाळ प्रदीप! आला असशील तर चाल!" रतन महाराजांनी पाटावर खणकन चिमटा आपटला.

शिपाई डावीकडे चालला. बायांनी पदर तोंडाला लावले. "माझं लेकरू आलं रं!" म्हणत भामाबाईंनी हंबरडा फोडला.

ज्योत्स्ना दाराशी उभी होती. प्रदीप तिचा नवरा. लोणावळ्यातल्या हॉटेलांचे जुने व्हिडिओ गेम दुरुस्त करायचा. दिवाळीनंतर त्याला कावीळ झाली. ह्याच महाराजांनी त्याच्या गळ्यात मुळ्यांची माळ घातली आणि डॉक्टरची पायरी चढलात तर गुण यायचा नाही, अशी तंबी दिली. शेवटी दवाखान्यात नेलं, पण फार उशीर झाला होता.

"आत्मा डिजिटल लहरींत गुंतलाय!" महाराज डोळे फिरवत म्हणाले. "ही सॅटेलाइट सिद्धी अख्ख्या मावळात फक्त आमच्याकडं! बोल बाळ, बायकोनंच करणी केली ना?"

चिमटा वाजला. शिपाई चालला.

"मला वाटतच हुतं," शेजारचे बजरंग आबा म्हणाले. सकाळीच त्यांनी तिच्या हातचा चहा घेतला होता. "हिला घरात ठिऊ नगा, भामाबाई."

ज्योत्स्ना मघापासून बघत होती. महाराज नुसते बोलले की शिपाई जागचा हलत नव्हता. चिमटा आपटला की चालायचा. ती पुढं आली आणि तिनं पाटावर मूठ हाणली.

"प्रदीप, महाराजांच्या माळेपायी तुझा जीव गेला ना?"

शिपाई चालला.

"आरं तिच्या! ह्यानंच मारलंय त्याला!" आबांनी महाराजांची मानगूट धरली.

गप्प बसली असती तर ती सुटली असती. पण तिला त्या गर्दीचीच शिसारी आली.

"सोडा त्यांना! आबा, घटकेपूर्वी ह्या खेळण्यानं मला मारेकरी ठरवलं, तुम्ही मानलंत. आता त्यांना ठरवलं, तेही मानलंत?"

आबांनी मानगूट सोडली. तिनं प्रदीपच्या टेबलावरचा दुसरा कंट्रोलर आणून जोडला, पाटावर ठेवला आणि मूठ हाणली. शिपाई हलला नाही. मग तिनं जुना कंट्रोलर उघडून आबांच्या पुढ्यात धरला.

"अंगठ्यानं फिरवायच्या दांडीखालची ही पट्टी झिजलीय. धक्का बसला की यंत्राला वाटतं, कुणी दांडी डावीकडं ढकलली. चांगले कंट्रोलर सोडून महाराजांनी प्रदीपच्या भंगारातून नेमका हाच उचलला."

"ही… ही पंचमहाभूतांची लीला…" महाराज पुटपुटले आणि चपला न घालताच गर्दीतून सटकले.

"जाऊ द्या त्यांना," ज्योत्स्ना म्हणाली. "माळ कुणी घातली, दवाखान्यात जाऊ नका असं कोण म्हणालं, ते मी डोळ्यांनी बघितलंय. तेवढंच पोलिसांना सांगणार."

भामाबाई विझलेल्या आवाजात म्हणाल्या, "मंग माझा प्रदीप?"

ज्योत्स्ना त्यांच्याशेजारी बसली. "तो ह्यात नव्हता, आई."

मग ती माणसांकडं वळली. "पुन्हा कुणाचे डोळे पिवळे दिसले, तर आधी दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी तो उघडून बघा."