गप्प म्हणून निवडलेला पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. छताला लटकणारा नव्हे, तर संगणकाच्या पेटीत बसून आतली उष्णता बाहेर ढकलणारा, तळहाताएवढा काळा पंखा. जुना म्हणवून घेण्याइतकं माझं वय झालेलं नाही, पण पेटीतून काढून टाकलेल्या पंख्याला नवा कोण म्हणणार? सध्या मी पिरंगुटला एका घराच्या खिडकीत पडून असतो. माझी गोष्ट आठवली की अजूनही मला लाज वाटते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. आम्हाला घडवणाऱ्यांनी एकच गोष्ट मनात धरली होती, वारा भरपूर यावा. म्हणून माझी पाती आखूड आणि वेग अफाट. आसावर मी अगदी नेमका बसलो, फिरताना जराही थरथरत नाही. पण हवा कापताना असा काही घोंघावतो की शेजारी बसलेल्याचं डोकं उठावं. भूगावला रस्त्याकडेच्या एका दुकानात मी बरेच दिवस धूळ खात होतो. दुकानदार मनीष मला चालू करून दाखवायचा आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करून दुसरा पंखा मागायचं. मला त्याची सवय झाली होती.

एका दुपारी नसीरभाई आले. त्यांची उमेदीची सगळी वर्षं पिरंगुटच्या एका कारखान्यात प्रेसवर गेली होती, म्हणजे पत्र्यातून भाग ठोकून काढणाऱ्या यंत्रावर. नुकतेच ते निवृत्त झाले होते. त्यांच्या मुलीला, निखतला, एक चांगलं काम मिळत होतं. शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानाचे धडे वाचायचे आणि घरच्या संगणकावर रेकॉर्ड करून पाठवायचे. तिने नमुना पाठवला, तो परत आला. आवाज छान आहे, पण मागे संगणक घुरघुरतोय, पंखा बदला आणि शुक्रवारपर्यंत एकदाच पुन्हा पाठवा, असं कंपनीने कळवलं. तेव्हा नसीरभाई आपणहून म्हणाले होते, "पंखा म्या आनतो. जलमभर मशिनीच हाताळल्यात." घरी रिकामं बसून ते कंटाळले होते, आणि लेकीच्या कामाला आपला हातभार लागावा असं त्यांना फार वाटत होतं.

मनीषने एकेक पंखा तारेला जोडून फिरवून दाखवला. नसीरभाई मात्र कान देत नव्हते, प्रत्येकाच्या चौकटीवर हाताचा पंजा ठेवत होते. प्रेसवरची माणसं यंत्राची तब्येत अशीच बघतात. तिथल्या धडधडाटात कानाला काही उमगत नाही, बिघाड हाताला कळतो. एक मोठा, संथ फिरणारा पंखा त्यांनी उचलला आणि परत ठेवला. त्याच्या कोपऱ्यांना मऊ रबर होतं, त्यामुळे तो हातात किंचित हलत होता. मग माझी पाळी आली.

"ह्यो बगा कसा गप हाय. थरथर म्हून न्हाई," नसीरभाई म्हणाले.

"काका, ह्याचाच आवाज लई हाय. तो मोठा न्या," मनीष म्हणाला. तो तेव्हा खाली वाकून तारा सोडवत होता. नसीरभाईंनी नुसती मान डोलावली आणि मलाच पिशवीत घातलं.

मित्रांनो, खरं सांगतो, माझी छाती फुगली. आजवर मला कुणी गप्प म्हटलं नव्हतं. मी कसा आहे ते मला ठाऊक होतं, तरी मनात आलं की इतकी वर्षं यंत्रांत घालवलेला माणूस म्हणतोय, म्हणजे असेनही.

घरी निखतने मला पेटीत बसवलं आणि कळ दाबली. मी घोंघावू लागलो. तिने दचकून वडिलांकडे पाहिलं. ते तिच्यासमोर उभे राहून कौतुकाने हसत होते.

"कसा हाय? समद्यांतनं निवडून आनलाय."

ओठांवर आलेलं तिने गिळलं. "चांगला हाय, अब्बा," ती म्हणाली.

त्यानंतर बिचारीचे हाल झाले. तिने पेटीवर गोधडी टाकून पाहिली, तर संगणक तापून बंद पडला. माइक लांब नेला, तर तिचाच आवाज पुसट झाला. गुपचूप दुसरा पंखा आणावा, तर अब्बा रोज पेटी उघडून माझ्यावरची धूळ फुंकायचे. वडिलांना वाईट वाटेल म्हणून ती उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिली. तिच्या प्रत्येक वाक्यामागे माझी घरघर ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आतल्या खोलीतून तिची आई साबेरा नवऱ्याला हाका मारून दमायची आणि शेजारणींना सांगायची, "ह्या मानसाचं घरात ध्यानच न्हाई." ते ऐकूनही मला काही उमगलं नव्हतं.

गुरुवारी नसीरभाईंचा मित्र भैरू चहाला आला. तो कारखान्याच्या गेटवर राखणदार होता. नसीरभाई त्याला हौसेने संगणकापाशी घेऊन आले आणि त्यांनी स्वतः कळ दाबली.

"आरं नसीर, पिठाची गिरन बसवलीस व्हय?" त्यांच्या मागे उभा राहून भैरू म्हणाला आणि हसू लागला.

"बग, हाय का कसला आवाज?" नसीरभाई माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

भैरूला आधी ती थट्टा वाटली. मग त्याने निखतची खाली गेलेली मान पाहिली आणि त्याचं हसू मावळलं. तो वळसा घालून नसीरभाईंच्या समोर आला. "नसीर, तुला ह्याचा आवाज येत न्हाई?" त्याने सावकाश विचारलं.

नसीरभाईंनी सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. साबेरा चहाचे कप घेऊन दारातच थांबली होती. त्यांनी कळ दाबून मला बंद केलं. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद केलं. दोन्हींतला फरक त्यांना कळत नव्हता, आणि तो कळत नाही हे आता सगळ्यांना दिसत होतं. त्या घटकेला मला गप्प होता आलं असतं तर मी जन्माचा गप्प झालो असतो.

"पोरीचं काम म्या घालवलं," ते खाली बघत म्हणाले.

निखत त्यांच्या पायांशी बसली, म्हणजे तिचं तोंड त्यांना दिसेल. "न्हाई अब्बा. पयल्याच दिवशी सांगाय पायजे हुतं मी. मीच बोलले न्हाई." वडिलांचा मान राखायला गेली आणि मित्रासमोर त्यांची मान खाली जायला तीच कारण झाली, हे तिला फार लागलं होतं.

त्याच दुपारी दोघं मला पिशवीत घालून भूगावला गेले. दुकानात गर्दी होती. नसीरभाई दारातच घुटमळले, मग आत जाऊन मोठ्याने म्हणाले, "मनीषभाऊ, मला ऐकाय येत न्हाई. प्रेसनं कान गेलं. आता ही निवडंल. तेवडं दार लाव." गिऱ्हाइकं वळून बघू लागली. त्यांचे कान लाल झाले, पण ते जागचे हलले नाहीत. दार लागल्यावर निखतने डोळे मिटून एकेक पंखा ऐकला आणि तो मोठा, संथ पंखाच उचलला. मला मात्र मनीषने परत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी नमुना गेला आणि काम निखतला मिळालं. नसीरभाईंचे कानही तपासून झाले, आता ऐकायचं यंत्र बसेल. पण मला आठवते ती दुकानातून परतल्यानंतरची संध्याकाळ. साबेरा त्यांच्यासमोर येऊन बसली.

"एवडी वर्सं सांगायचं न्हाई व्हय?"

"कामावरनं काडतील म्हून भ्यालो. मग व्हट बगून समजून घ्यायची सवयच झाली," ते म्हणाले. "आन् घरात मला वाटायचं, तूच बोलायची कमी झालीस."

साबेराने तोंडाला पदर लावला. गल्लीभर नवऱ्याची तक्रार सांगत फिरलेली ती बाई त्यांच्यासमोर मान वर करू शकली नाही.

मित्रांनो, मला कुणी वापरावं असं माझं मागणं नाही, मी खरोखरच मोठ्या आवाजाचा आहे. मागणं एवढंच आहे. घरातलं एखादं माणूस हाकेला ओ देईनासं झालं, तर दुसऱ्या खोलीतून त्याच्यावर चिडू नका. उठा, त्याच्यासमोर जाऊन उभे राहा आणि तेच पुन्हा एकदा बोला.