सोड्याच्या बाटलीचं उदाहरण

रखमाजीची धाकटी मेहुणी कस्तुरा वडिवळ्यात नांदायला गेली, त्या छत्तीस सालच्या वैशाखात तो लोणावळ्याच्या सोड्याच्या कारखान्यात पाटी धरून उभा होता आणि मालक महिपतशेट पोट धरून हसत होते.

"दुप्पट? अरे, दाब दुप्पट झाला तर कारखाना उडून कुरवंड्याच्या डोंगरावर पडेल की!"

शेटजींनी नवी मोटार घेतली होती. तिला सावली हवी, म्हणून भरलेल्या बाटल्यांची खोकी मांडवाबाहेर उन्हात काढायची होती. वीस वर्षं बाटल्या भरणारा रखमाजी म्हणाला, फुटतील. तेव्हा शेटजींच्या मॅट्रिक झालेल्या पुतण्याने, बजरंगने, त्याला उदाहरणच घातलं. बंद बाटलीत सत्तावीस अंशांवर वायूचा दाब साठ पौंड. उन्हात सत्तावन्न अंश झाले तर दाब किती? बाटली शंभर सोसते.

"सत्तावीसचे सत्तावन्न, म्हंजी दुपटीच्या वर," रखमाजीने मांडलं होतं.

"वायूच्या गणितात अंशांत दोनशे त्र्याहत्तर कोण मिळवणार, तुझा आजा?" बजरंग म्हणाला. "पस्तिसाव्या वर्षी बाराखडी गिरवली की असंच व्हायचं."

रखमाजीने थुंकी लावून पाटी पुसली. दोन्हींत दोनशे त्र्याहत्तर मिळवले. तीनशे आणि तीनशे तीस. गुणलं, भागलं.

"सासष्ट," तो म्हणाला. त्याने पाटी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली.

"शंभराच्या आत की बाहेर?"

"आत, शेटजी."

"शाबास! बघा रे, आमचा रखमाजी पंडित झाला."

त्याची बायको रतनबाई तिथेच बाटल्या विसळत होती. ती म्हणाली, "अवो, ऊन लागलं की बाटलीत बुडबुडं उठत्यात. तुमीच दावलं व्हतं न्हवं मला?"

"गप बस. गणित चुकत न्हाई."

बुडबुडे त्याला ठाऊक होते. पाण्यात दाबून मुरवलेला वायू उन्हाने सुटतो आणि वरच्या चिमूटभर जागेत गर्दी करतो, हे त्याचे हात जाणत होते. उदाहरणात पाणीच नव्हतं. पण चार माणसांदेखत त्याचं उत्तर जन्मात पहिल्यांदा बरोबर आलं होतं.

खोकी उन्हात गेली. तिसऱ्या दिवशी भर दुपारी रतनबाई एक खोकं उचलायला वाकली आणि बाटली फुटली. त्या दणक्याने शेजारच्या चार. काच रतनबाईच्या गळ्यात घुसली. रखमाजीने मुंडासं सोडून जखमेवर दाबलं.

"शेटजी, मोटारीतनं दवाखान्यात न्या वो!"

"गादी नवी आहे रे. बैलगाडी बघ कुणाची तरी."

गाडी मिळेपर्यंत मुंडासं चिंब झालं होतं.

दुसऱ्या दिवशी फौजदार आले. खोकी उन्हात ठेवायचं कुणी ठरवलं, असं त्यांनी विचारलं. शेटजींनी बोट दाखवलं. "यानेच हिशेब करून सांगितलं, बाटली सोसेल म्हणून. काय रे, उत्तर बरोबर होतं ना?"

रखमाजी उघड्या डोक्याने उभा होता.

"व्हय," तो म्हणाला. "बरोबर व्हतं."

रतनबाई ९ मे १९३६ रोजी, दवाखान्याच्या वाटेवर, बैलगाडीत वारली.