छातीचे दुखणे

“मिसेसना आत पाठवा,” तपासणीच्या खोलीचे दार अर्धवट उघडून नर्स म्हणाली.

मास्तर उठून उभे राहिले. “मिसेस पैसे भरायला गेल्यात. तपासायचं मलाच आहे.”

नर्सने हातातला कागद पाहिला, मग त्यांना पाहिले, मग पुन्हा कागद पाहिला. “बरं, या,” ती हळूच म्हणाली. तिने आवाज खाली आणला म्हणूनच बाकावरच्या सगळ्या बायकांनी माना वर केल्या. एकीने मांडीवरची पिशवी उगाच सरळ केली. एक म्हातारी तर तोंड उघडे टाकून बघत राहिली. बाकापासून दारापर्यंतचे अंतर ते काय, पण तेवढ्यात मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरे असे होऊन गेले.

आत एका यंत्राच्या दोन पाट्यांमध्ये छातीची डावी बाजू दाबून फोटो काढायचा होता. यंत्र बायकांच्या मापाचे होते. नर्सने त्यांना पुढे वाकवले, खांद्याला धरून वळवले, “अजून थोडं, काका,” असे म्हणत राहिली. काका समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

आयुष्यभर त्यांनी पुरुषांच्या छात्या मोजल्या होत्या. कोट शिवावा तर मास्तरांनीच, असे लोक म्हणत आणि ते ऐकून मास्तर न ऐकल्यासारखे करत. टेप लावली की गिऱ्हाईक पोट आत ओढून छाती फुगवते, हे ठरलेले. मास्तर म्हणत, “श्वास सोडा साहेब. कोट रोज घालायचाय, फोटोपुरता नाही.” हा विनोद त्यांनी इतक्यांदा केला होता की मशीनवरचे कारागीर तो सुरू व्हायच्या आधीच हसून मोकळे होत.

गाठ लक्षात आली ती खडूमुळे. छातीवरच्या खिशातला खडू टोचतो असे वाटून त्यांनी तो काढून टेबलावर ठेवला, तरी टोचणे थांबेना. मग न्हाणीघराची कडी लावून त्यांनी बोटाने चाचपून पाहिले. वाटाण्याएवढी होती. मागाहून सुपारीएवढी झाली. दरम्यान जवळजवळ वर्ष उलटले आणि त्या वर्षात त्यांनी कुणाला काही सांगितले नाही. सांगायचे तरी काय? साठी ओलांडलेल्या मिशीवाल्या माणसाने कुठे गाठ आली म्हणून दाखवायचे?

अखेर बनियनवर डाग दिसला तो बायकोला.

“हे काय आहे?”

“उष्णतेचं असेल.”

“उष्णता एकाच बाजूला होते होय?” असे म्हणून तिने शर्टाची बटणे स्वतःच काढली. पाहिले, आणि खाली बसली.

पुढचे सगळे तिने केले. डॉक्टर, तपासण्या, ऑपरेशन. ती नेईल तिकडे मास्तर जात आणि डॉक्टर सांगतील तेव्हा शर्ट काढत. दुकानात त्यांनी चरबीची गाठ काढली असे सांगून टाकले. लेकीलाही तेच सांगितले. ती लग्न होऊन त्याच गावात राहत होती, तिला दोन लहान मुली होत्या. “उगाच तिच्या डोक्याला ताप,” असे मास्तर म्हणाले.

ऑपरेशननंतर त्यांना एका निराळ्या खोलीत पाठवले. तिथे समुपदेशक म्हणून एक तरुण बाई बसली होती. आजार घराण्यातून येतो का, याची ती विचारपूस करी.

“आई कशानं गेल्या तुमच्या?”

“छातीच्या दुखण्यानं.”

ती लिहू लागली. मास्तरांच्या बायकोने नवऱ्याकडे पाहिले. त्यांची आई गेली तेव्हा मास्तर विशीत होते. ती कशाने गेली हे घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण तो शब्द कुणी तोंडातून काढला नव्हता. विचारायला येणाऱ्याला वडील सांगत, छातीचे दुखणे होते. येणारा स्वतःच्या छातीवर हात ठेवून हळहळे आणि हृदयाच्या नाजूकपणाबद्दल बोलू लागे. वडील त्याला बोलू देत.

“हृदयविकार?” समुपदेशक बाईने विचारले.

“नाही,” बायकोच म्हणाली. “यांना झालं तेच. सासूबाईंना तेच होतं.”

बाईने लिहिलेले खोडले. रक्त घेतले गेले. काही आठवड्यांनी दोघांना पुन्हा बोलावून तिने समजावून सांगितले. प्रत्येकाच्या शरीरात या आजाराशी जोडलेल्या एका जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. मास्तरांच्या एका प्रतीत बिघाड होता, आणि तो बहुतेक आईकडून आला होता.

“पण हा बायकांचा आजार,” मास्तर म्हणाले.

“बायकांना जास्त होतो. पुरुषांना क्वचितच होतो, म्हणून तर तुम्हाला झाला म्हटल्यावर आम्ही रक्त तपासायला सांगितलं. बिघाड मात्र बाईकडूनही येतो आणि पुरुषाकडूनही. तुमच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. तुमच्या भावंडांनाही तेवढीच. मिळाला म्हणजे आजार झालाच असं नाही. पण आधी कळलं तर लक्ष ठेवता येतं, वेळेवर पकडता येतं. भावंडं किती?”

“एक धाकटी बहीण.”

“मग मुलीला आणि बहिणीला सांगा. आम्ही परस्पर कळवू शकत नाही. तुम्हीच सांगायला हवं.”

मास्तरांनी मान डोलावली. घरी येऊन त्यांनी पाय धुतले, चहा घेतला आणि वर्तमानपत्र उघडले. बायको चप्पल न काढता तशीच दारातून परत फिरली आणि लेकीकडे जाऊन तिला सगळे सांगून आली. लेक गेली, रक्त देऊन आली, आणि महिन्याभराने तिचा निकाल स्वच्छ आला. तिच्याकडे बिघाड उतरला नव्हता, म्हणजे तिच्या मुलींकडेही जाणार नव्हता. फोनवर ती आधी हसली आणि मग रडली. मास्तरांनी त्या दिवशी दुकान दुपारीच बंद केले. घरावर आलेले टळले असे त्यांना वाटले, आणि आपण स्वतः एक शब्दही न बोलता ते टळले, हे त्यांनी मनात फार खोल जाऊ दिले नाही.

धाकट्या बहिणीला त्यांनी फोन केला होता. नाही असे नाही. ती दूरच्या गावी एका वसतिगृहाच्या धुलाईखान्यात कामाला होती, नवऱ्यामागे एकटीच राहत होती. दादाची चरबीची गाठ काढली, एवढेच तिला ठाऊक होते.

“मी काय म्हणतो,” ते म्हणाले होते, “तू एकदा छातीची तपासणी करून घे.”

“का रे दादा? काय झालं?”

“काही नाही. आईला होतं ना. आपलं वय झालं आता. डॉक्टर म्हणाले, घरच्यांनी करून घ्यावी.”

“बरं,” ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात तिचाच फोन आला. “केली रे तपासणी. वायरी लावल्या, कागदाची पट्टी काढली. हृदय एकदम ठणठणीत आहे म्हणाले.”

मास्तरांच्या हातात तेव्हा कात्री होती. समोर कापडावर खडूची रेघ मारलेली होती. ते म्हणणार होते, अगं, ती तपासणी नव्हे. पण दोन्ही मशीनवर कारागीर बसलेले होते, एक गिऱ्हाईक आरशासमोर उभे होते. “वा, छान झालं,” ते म्हणाले. नंतर निवांत सांगू असे त्यांनी ठरवले. निवांतपणा रोज येत होता आणि रोज जात होता.

सहामाही तपासणीला गेले तेव्हा समुपदेशक बाईने विचारले, “बहिणीला सांगितलंत?”

“हो. केली तिनं तपासणी.”

“रक्त दिलं? की मॅमोग्राफी?”

मास्तर म्हणाले, “हृदय तपासलं तिनं.”

बाई रागावली नाही. तिने पेन खाली ठेवले आणि त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. तिचे वय त्यांच्या लेकीपेक्षाही कमी असेल. मास्तरांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या.

“मी जाऊन येतो तिच्याकडे,” ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बस पकडली.

धाकटीची खोली वसतिगृहाच्या मागच्या अंगाला होती. खिडकीबाहेर दोरीवर चादरीच चादरी. भाऊ न कळवता आला म्हणून ती आधी आनंदली, मग त्याचा चेहरा पाहून चहाचे आधण ठेवता ठेवता थांबली.

“वहिनी बरी आहे ना?”

“बरी आहे. तू बस आधी.”

“बसते. बोल तू.”

मास्तरांनी वाटेत वाक्ये जुळवली होती. त्यातले एकही कामाला आले नाही. “माझी चरबीची गाठ नव्हती,” ते म्हणाले. “कॅन्सर होता. स्तनाचा. आईला होता तोच. पुरुषालाही होतो. तो आपल्या रक्तातून येतो, म्हणून तुला तपासायला सांगायचं होतं. मी छाती म्हणालो. मला तो शब्द म्हणवेना.”

धाकटीने गॅस बंद केला.

“कुठल्या बाजूला?” तिने पाठमोरीच विचारले.

“डाव्या.”

“माझ्या उजव्या,” ती म्हणाली.

मास्तरांना आधी कळलेच नाही. कळले तेव्हा ते हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळू लागले.

“वायरी लावत होती ना ती मुलगी,” धाकटी सांगू लागली, “तेव्हा मला वाटलं, हिच्या हाताला लागेल. ही विचारेल. तिनं काही विचारलं नाही. मीही बोलले नाही. कपडे नीट केले आणि आले.”

“माझ्यामुळं झालं हे. मी सरळ सांगितलं असतं तर—”

“तू छाती म्हणालास तेव्हाच मला कळलं होतं, दादा,” ती म्हणाली. “मीही याच घरची आहे. मला हृदयच ऐकायचं होतं, म्हणून मी हृदय ऐकलं.”

हे ती खरे बोलली की त्यांना मोकळे करायला बोलली, ते मास्तरांना पुढेही कधी कळले नाही. विचारायची हिंमत त्यांना झाली नाही.

ते तिला आपल्याकडे घेऊन आले. मोठे ऑपरेशन झाले, काखेतल्या गाठीही काढाव्या लागल्या. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर म्हणाले, “थोडं आधी आला असतात—” आणि मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी वाक्य तिथेच सोडून दिले. औषधांच्या फेऱ्यांत धाकटीचे केस गेले, तोंडाची चव गेली. मास्तर दर फेरीला तिच्याबरोबर त्या बायकांच्या बाकावर बसत. एकदा शेजारच्या बाईने विचारले, “तुम्ही यांना सोडायला येता का?” मास्तर म्हणाले, “मीही इथलाच पेशंट आहे. आम्हा भावंडांना एकच झालंय.” सांगताना त्यांचे कान तापलेच. पण बाईने नुसते “हो का?” म्हटले आणि आपल्या लेकीचे सांगू लागली.

धाकटी पुन्हा कामावर जायचे म्हणू लागली तेव्हा तिने भावाला बाजूला बोलावले. “एका अंगानं कपडा लोंबतो रे. आतून काही भरून देता येईल का तुला?”

“मी बायकांचं कधी शिवलं नाही,” मास्तर म्हणाले. मग थोड्या वेळाने म्हणाले, “कोटाच्या खांद्यात भरतो आम्ही. तसं करून बघतो. सुट्टीच्या दिवशी ये.”

सुट्टीच्या दिवशी दुकानाचे शटर अर्धे खाली होते. लेक वही-पेन्सिल घेऊन स्टुलावर बसली होती.

“माप तू घेतेस का?” मास्तरांनी तिला विचारले.

“तिला काय येतंय,” धाकटी म्हणाली. “तूच घे. आणि नीट घे, अंदाजानं नको.”

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली आणि ते तिच्यासमोर उभे राहिले. “हात वर कर,” ते म्हणाले. काखेतले कापल्यापासून तिचा उजवा हात पुरता वर जात नव्हता. ओठ दाबून तिने तो उचलायला घेतला. टेपचे टोक बोटात धरून मास्तर थांबून राहिले. घाई नव्हती.