गुंडीचा पोचा

गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली सोनखैरी गेली तेव्हा गावाने उचलता येईल तेवढं उचललं आणि नव्या गावठाणात आणलं. सिमेंटच्या घरांत ते मावेना. मग समाजमंदिरामागच्या खोलीत ज्याने त्याने आपापलं आणून ठेवलं. नांगर, जातं, धानाची ढोली, मासोळीचं जाळं, शाळेची घंटा. दारावर पाटी लावली, ‘आपलं जुनं गाव’. सणाला आलेल्या लेकी घरी पाय धुतात आणि चहा उकळायच्या आत तिकडे पळतात. घर भावाचं असतं. माहेर त्या खोलीत.

चंद्रभागाबाई मात्र दर बाजाराच्या दिवशी जायची. भाजीची पिशवी दाराशी ठेवायची, चपला काढायची आणि आपल्याच पितळेच्या गुंडीपाशी जाऊन बसायची. काखेत मावेल अशी पाण्याची गुंडी, तिच्या आईने आंदणात दिलेली. मुलगा कैलाश मोडीत घालायला निघाला होता, म्हणून तिने ती इथे आणून दिली. बसली की गुंडीच्या पोटावरच्या पोच्यात अंगठा ठेवायची. घटकाभराने उठायची, निघायची. बायका म्हणायच्या, म्हातारीचा भांड्यात जीव अडकला. म्हणोत. एवढं चुकीचं नव्हतं ते.

पोचा चंदाने पाडला होता. चंदा कैलाशची थोरली बहीण. तो तेव्हा पाळण्यात होता. नको नको म्हणताना पोरगी गुंडी काखेत मारून नदीवर गेली आणि घाटाच्या दगडावर आपटून आली. आली ती गुपचूप. गुंडी जागेवर ठेवली, पोचा भिंतीकडे करून. आईला संध्याकाळी पाणी घेतानाच कळलं. पण पोरीचा चेहरा असा झाला होता, की आई काही बोलली नाही. पुढे रोज चंदा पोचा भिंतीकडे करायची आणि आई रोज न पाहिल्यासारखं करायची. पावसाळाभर मायलेकींचा हा लपंडाव चालला. मग ताप आला, मेंदूत गेला, आणि भंडाऱ्याला नेताना कारध्याचा पूल लागायच्या आत पोर गार पडली. नदीकाठी पुरली. ती जागाही आता धरणात. फोटो एकही नाही. ‘मले ठाऊक हाय व पोरी’, एवढं म्हणायचं राहूनच गेलं.

आणि आईने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं की लोक ऐकतात, आणि ऐकलेलं वापरून टाकतात.

त्या दिवशी जिल्ह्याहून साहेब खोली पाहायला येणार होते. खोलीत झाडलोट, रांगोळी, फुगेसुद्धा. बचत गटाच्या लीलाबाईंनी तिला दारातच धरलं.

“ये व चंद्रभागे, पाह्य बरं, ओळखू येते का तुही गुंडी?”

मधोमध, लाल कापडावर, सोन्यासारखी काहीतरी वस्तू बसली होती.

कैलाश पुढे झाला. कौतुकाने त्याचं तोंड फुललं होतं. “भंडाऱ्याले नेली होती, माय. ठोकून घेतली, मशीनवर पालिश मारली. भांडेवाला म्हने, ही पोचकी कायले, नवीन घ्या. म्या म्हटलं, नाही बाप्पा, माह्या मायची हाय.”

तिने अंगठा फिरवला. सगळीकडे गुळगुळीत. पुन्हा फिरवला.

“पोचा कुठी गेला?”

बायका हसल्या. सून रुखमिणी पदर तोंडाशी नेत म्हणाली, “आमच्या आत्याबाई चिंध्या जोडतेत, रिकामे डबे जोडतेत. आता पोचेबी जोडून राहिल्या!”

“कोनं म्हटलं होतं ठोकाले?” तिचा आवाज चिरकला. “माह्या चंदानं पाडला होता तो.”

हसू थांबलं. पण गप्प बसतील त्या लीलाबाई कसल्या? “अवं, कवाची गेली बिचारी. तिच्या नावानं चकाचक केली तं खूशच होईन का नाही पोरगी? आन साहेब येतेत, त्याह्यले का पोचे दाखवाचे?”

कैलाशचा चेहरा उतरला. “असं काहून नाही सांगितलं, माय?”

उत्तराला तो थांबला नाही. शेजारच्या पाट्यावरचा वरवंटा त्याने उचलला. ‘हात लावू नये’ ही चिठ्ठी त्याला चिकटलेलीच होती. गुंडी मांडीत घेतली आणि दिला एक ठोका.

“इथंच होता ना?”

“अरे... खालतं.”

दुसरा ठोका. “आता?”

बायका पुन्हा खिदळल्या. “अजून एक मार गा, बहिणीच्या वाटनीचा!” कोणीतरी मागून म्हणालं. शाळेच्या घंटेपेक्षा मोठा आवाज त्या पितळेचा. प्रत्येक ठोक्याला चंद्रभागाबाईचे डोळे आपोआप मिटत होते.

कैलाशने गुंडी पुढे धरली. दोन पोचे, एक उथळ, एक खोल. तिने खोल पोच्यात अंगठा ठेवला. कडा टोचली. आतली जागा दुसऱ्याच कोणाची होती. तिने वर पाहिलं. पोराच्या कपाळावर घाम, ओठ घट्ट मिटलेले. डोळ्यांत तेच, नदीवरून पाणी घेऊन आलेल्या चंदाच्या डोळ्यांतलं. बोलशील का, मारशील का.

“हो रे,” ती म्हणाली. “असाच होता.”

त्याने श्वास सोडला. बाहेर गाडी वाजली. लीलाबाईंनी रांगोळी ओलांडत हाक दिली, “साहेब आले! ते पोचे भिताडाकडं करा व लवकर!”

कोणी हात लावायच्या आत चंद्रभागाबाई उठली. लाल कापड सारखं केलं. गुंडी दोन्ही हातांनी धरून हळूच फिरवली, जशी घरात रोज कोणीतरी फिरवत असे. थोडी मागे सरून पाहिलं. पोचे दिसत नव्हते. मग पदर डोक्यावर घेतला.

साहेब भले होते. सगळ्या वस्तू पाहिल्या, गुंडीपाशी जरा जास्त थांबले.

“वा, आजी! किती जपून ठेवलीत. एक ओरखडा नाही.”

“नाही जी,” चंद्रभागाबाई म्हणाली. “चहूकडून सारखीच हाय.”