थोरलेपण घ्या, थोरलेपण

जिख्री गोष्ट सांगायला बसला की लोकांची चघळणारी तोंडं थांबत. हेलेस बसला की लोक मांस पुन्हा वाढून घेत. हा फरक हेलेसनं मेंढरांच्या लोकर-कातरणीच्या बारा वर्षांच्या जेवणावळींत मनात टिपून ठेवला होता. त्याची स्वतःची बायको माकासुद्धा जिख्रीच्या गोष्टीला डोळे पुसायची, आणि त्याच्या गोष्टीला जांभया द्यायची.

यंदा या दोघा कथेकऱ्यांची कुळं एका विहिरीवरून भांडून दमली होती. म्हातारा शेमेद हेलेसकडे बघून म्हणाला, "एक होऊन जाऊ. तुमचा ओरेन आणि यांचा शोबाल, दोघं मूळपुरुष सख्खे भाऊ होते. दोघं मिळून गोष्ट जुळवा. गोष्टीत ज्याचा मान मोठा, त्याच्या कुळाचा पोहरा आधी."

कुणालाच नवल वाटलं नाही. त्या डोंगरात भाऊबंद असेच होत.

"ओरेन थोरला!" हेलेस उठून ओरडला. "आईचं पहिलं दूध त्याचं!"

"असू दे की, दादा," जिख्री म्हणाला. "थोरला तुझा, धाकटा माझा."

घाबरला गडी, असं वाटून हेलेसला गुदगुल्या झाल्या.

मग जिख्रीनं सुरुवात केली. बाप मरायला टेकलेला, घशाला कोरड. थोरला म्हणाला, आधी मेंढरांची वाटणी करा. धाकट्यानं नखांनी जमीन उकरली आणि ओंजळभर पाणी आणलं. बापानं हात ठेवला तो धाकट्याच्या डोक्यावर.

सगळी तोंडं थांबली. माकानं डोळे पुसले. पोहऱ्याचा पहिला मान जिख्रीच्या कुळाला गेला. वर्षभर माका विहिरीवर ताटकळून आली की म्हणायची, "काय हो थोरले, पाणी घेता ना?"

पुढच्या कातरणीला तिसरं कुळ सामील व्हायला आलं. त्यांच्या कथेकऱ्यानं भीतभीतच विचारलं, "आमच्या पूर्वजाला कुठं बसवाल?"

"थोरला तुमचाच!" हेलेसनं त्याला हाताला धरून बसवलं, मांसही वाढलं. "आमचा ओरेन सगळ्यांत धाकटा."

शेमेद म्हणाला, "अरे, गेल्या वर्षी थोरला होता ना?"

"गेल्या वर्षी दोघंच होते, आबा."

लोक हसले. जिख्रीही हसला. "बरं दादा, मग या सगळ्यांत धाकट्यानं केलं तरी काय?"

हेलेसनं घसा खाकरला. त्यानं वर्षभर हेच तर घोटलं होतं. "बाप पाणी प्यायला," तो म्हणाला, "पण ओंजळ आणणाऱ्या शोबालची नखं रक्ताळलेली कुणी पाहिली नाहीत. पाहिली ती ओरेननं."

माकाचा घास हातातच राहिला. सगळी तोंडं थांबली होती. चघळत होता तो एकटा जिख्री, तेही तोंडात काही नसताना.